विमानात फोन चालू राहिला तर कॉकपिटमध्ये खरंच गडबड होते का?

सहसा नाही, पण भीती अगदीच हवेतली नाही. टूजी फोनचा सिग्नल सेकंदाला सुमारे 217 वेळा तुटक-तुटक जातो. रेडिओजवळ फोन ठेवला की टर्रर्र ऐकू यायचं ना, तेच वैमानिकाच्या हेडसेटमध्ये येऊ शकतं. नेमकी तेव्हाच नियंत्रण कक्षाची सूचना निसटली तर पंचाईत. त्यात मोबाइल टॉवर लांब गेला की फोन आणखी जोर लावतो.

गंभीर उदाहरण हवं असेल, तर 2014 मध्ये अमेरिकेच्या एफएए या हवाई वाहतूक नियामक संस्थेने बोइंग 737 आणि 777 च्या कॉकपिटमधले हनीवेल कंपनीचे काही डिस्प्ले बदलायला लावले. वाय-फायच्या चाचणीत ते कोरे पडले होते! प्रत्यक्ष उड्डाणात असं घडलं नाही, असं हनीवेलचं म्हणणं होतं.