प्लास्टिक उद्योगासाठी सरकारने आधी कुठल्या संशोधनावर पैसा लावावा?

रिसायकल मालाच्या दर्जावर. नवी पॉलिमरं शोधायला मोठ्या कंपन्या समर्थ आहेत. आमच्या वडोदऱ्यात 1969 साली आलेली आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी सरकारी होती, आता तो सगळा कारभार रिलायन्सकडे आहे. अडचण आहे ती छोट्या कारखानदाराची.

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, भंगार प्लास्टिक वितळवून दाणे करणाऱ्या एखाद्या दाणेवाल्याकडे उभे राहून बघा. पॉलिथिनमध्ये थोडं पॉलिप्रॉपिलिन आलेलं असतं. दोन्ही वितळतात, पण एकजीव होत नाहीत, आणि फिल्म फुंकताना फुगा फाटतो. एका पोत्याचा मेल्ट फ्लो, म्हणजे वितळल्यावर वाहण्याचा वेग, दुसऱ्याशी जुळत नाही, यंत्रातली गाळायची जाळी सारखी तुंबते, वासाचं तर विचारूच नका. इकडे नियम म्हणतो, कडक पॅकेजिंगमध्ये 2025-26 ला 30 टक्के रिसायकल माल हवा, 2028-29 पर्यंत 60. तो आणायचा कुठून?

म्हणून स्वस्त कम्पॅटिबिलायझर (न मिसळणारी प्लास्टिकं एकजीव करणारं रसायन), वास काढायची पद्धत आणि शेडमध्ये चालेल असं, प्लास्टिकचा प्रकार पटकन ओळखणारं यंत्र, एवढं आधी. वेगवेगळ्या थरांच्या मल्टिलेयर पाउचचं रिसायकलिंग त्यानंतर. पीएलए या कुजणाऱ्या म्हणवल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांचं कौतुक मला कमीच. त्यांना साठेक अंशांचं औद्योगिक कंपोस्टिंग लागतं, उकिरड्यावर त्या तशाच पडून राहतात.

प्राधान्य ठरवणाऱ्या समितीत नुसते प्राध्यापक आणि बड्या कंपन्यांचे साहेब नकोत. मोल्डवाला आणि भंगार निवडणारा ठेकेदारही बसवा. सिपेट ही केंद्र सरकारची प्लास्टिक संस्था किंवा सयाजीराव विद्यापीठाच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीला निधी देताना पेपर किती छापले हे विचारा, पण ती पद्धत किती कारखान्यांत चालू झाली हे आधी विचारा.