नावेच्या डेकवर कार्पेटखाली फोम टाकावा का?

तुमचा प्रश्न असा आहे: हतनूर धरणाच्या पाण्यात फिरवायची १४ फुटी फायबरची नाव, पुढच्या डेकवर प्लाय, त्यावर कार्पेट. दिवसभर उभं राहून गळ टाकला की टाचा आणि कंबर बोलायला लागतात. तर कार्पेटखाली फोम टाकावा का, आणि कोणता?

टाका भाऊ. फक्त मी पहिल्यांदा टाकला होता तो टाकू नका.

माझं भुसावळला कुशनचं दुकान आहे. सोफे, गाड्यांच्या सीटा, ट्रॅक्टरच्या गाद्या. नावेचं पहिलं काम आलं तेव्हा मी ते सोफ्यासारखंच केलं. खाली एक इंची रिबाँडेड फोम, म्हणजे तो रंगीत चुऱ्याचा दाबून केलेला, वर घरातलं कार्पेट आणि कडेनं स्टेपल. मालक खूश. त्यांच्यासोबत शिरपूरकडचे एक आबा होते, जन्म तापीत गेलेला माणूस. ते वर चढले, दोनदा पाय दाबून पाहिला आणि म्हणाले, "हाई नाव शे का गादी?" मला ती तारीफ वाटली.

पावसाळा संपल्यावर नाव परत आली. वास आधी आला, नाव मागून. कार्पेट कापलं तर सुरीबरोबर काळं पाणी बाहेर. स्टेपल गंजून तुटलेले, प्लायचे पदर वह्यांच्या पानांसारखे सुटलेले, आणि एका जागी माझा अंगठा लाकडात सरळ आत गेला. हिशेब नंतर केला. २० चौरस फूट डेक आणि एक इंच जाडी म्हणजे फोमच्या पोटात साधारण ४५ लिटर पाण्याची जागा. म्हणजे नावेच्या नाकावर एक पोरगा कायमचा बसवून ठेवल्यासारखं. आणि वरून कार्पेट असल्यामुळे ते पाणी वाळतही नाही.

तेव्हा दुकानात फोम मऊ किती ते नंतर बघा, आधी तो पाणी पितो का ते बघा. फोमचा वीतभर तुकडा घरी आणा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, बादलीत बुडवून मुठीत चार-पाच वेळा दाबा, वर वीट ठेवून रात्रभर राहू द्या. सकाळी वरवर पुसून परत वजन. जवळपास तेवढंच भरलं तर माल कामाचा. दुप्पट-चौपट झालं तर तो स्पंज आहे, दुकानदार काहीही म्हणो.

या परीक्षेत पास होतो तो ईव्हीए, आपल्या बाथरूमच्या स्लिपरचा असतो ना, तोच जातीचा माल. क्रॉसलिंक फोमही चालतो, पण शेडच्या पत्र्याखाली लावतात तो हलका नको. तो पाणी पीत नाही हे खरं, पण पायाखाली महिन्याभरात पापड होतो. पॅकिंगच्या पांढऱ्या शीटचंही तेच. अंगठ्यानं जोरात दाबल्यावर थोडासाच दबला आणि लगेच वर आला, असा घट्ट माल घ्या.

जाडी ६ ते ८ मिलिमीटर, फार तर १०. लोकांना वाटतं जाड तेवढं बरं. जमिनीवर एक वेळ ठीक, पण हलत्या नावेत मऊ गादीवर उभे राहिलात तर तोल सांभाळायला घोटे सारखे काम करत राहतात आणि संध्याकाळी टाचांऐवजी पिंढऱ्या दुखतात. आबांचं म्हणणं तेच होतं, मला उशिरा कळलं. पातळ पॅडचा एक फायदा वेगळाच आहे: डबा, पक्कड, शिसं खाली पडलं तरी ठण्ण होत नाही. उथळ पाण्यात मरळ धरायचा असेल तर हे लहान नाही.

आता चिकटवणं. पांढरा फेविकॉल नको, रबरवाला सोल्यूशन घ्या. प्लायला आणि फोमला दोन्हीकडे पातळ हात, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासा झाला की बसवायचा आणि लाटण्यानं दाबायचा. मे महिन्यात दुपारी हे काम काढू नका. आपल्या ४५ अंशांत सोल्यूशन ब्रशवरच वाळतो. भल्या सकाळी, उघड्यावर करा, आणि जवळ बिडी-काडी नको, तो पेट घेतो. सगळ्यात महत्त्वाचं, डेकच्या खाली तरंगायला थर्माकोल भरलाय का ते आधी बघा. हा सोल्यूशन थर्माकोलला खाऊन टाकतो. फटीतून खाली ओघळला तर वरून डेक मस्त दिसेल आणि खाली खड्डा पडलेला असेल.

प्लाय जुना असेल तर आत्ताच बदला, ७१० नंबरचा (IS 710) मरीन प्लाय घ्या, आणि कापलेल्या कडांना, स्क्रूच्या भोकांना इपॉक्सी पाजा. पाणी कडेनंच शिरतं.

झाकणांकडे लक्ष द्या. पॅड आणि कार्पेट दोन्ही कडेवरून गुंडाळलं तर माशांच्या पेटीचं झाकण बसतच नाही. पॅड कडेपासून अर्धा इंच आधी थांबवा, त्याची धार सुरीनं तिरकी मारा, आणि नुसतं कार्पेट खाली वळवा. खुर्चीचा खांब बसतो तिथला पॅड गोल कापून काढा. मऊ मालावर बोल्ट आवळले की ते ढिले पडतातच. तिथं ड्रिल मारण्याआधी कार्पेटही कापून घ्या, नाहीतर ड्रिलमध्ये एक धागा अडकतो आणि दोन फूट उसवत जातो. मी एकदा पाहिलंय, गिऱ्हाइकासमोर.

कार्पेट सिंथेटिक, पाठीला ताग नसलेलं. रंग फिका राखाडी. काळ्यावर एप्रिलमध्ये अनवाणी उभं राहून दाखवा, मग बोलू.

माझी नाव असती तर मी पूर्ण डेकला चिकटवण्याच्या भानगडीत पडलोच नसतो. जिथं उभे राहता तेवढाच तीन बाय दोन फुटांचा ईव्हीएचा तुकडा, वर कार्पेट, खाली चार कोपऱ्यांना वेल्क्रो. घरी आलात की काढा, धुवा, दोरीवर टाका. तीन-चार गळ एकत्र असलेला काटा कार्पेटमध्ये रुतला तरी तेवढाच तुकडा बदलायचा.

उरलेला ईव्हीए फेकू नका. नांगर ठेवता तिथं चिकटवा, पहाटे नाव सोडताना त्याचाच आवाज सगळ्यात मोठा असतो.