आजोबांचा आगफा क्लिक थ्री कॅमेरा सापडलाय. त्याचा 120 रोल अजून मिळतो का आणि पुढे मिळत राहील का?

मिळतो. ऑनलाइन मिळतो, मुंबई-पुण्यात शोधलं तर दुकानातही सापडतो. पण महाग आहे, आणि तुमच्या क्लिकमध्ये एका रोलचे बाराच फोटो निघतात.

पुढचं सांगायचं तर, 120 हा कोडॅकने 1901 साली ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढलेला रोल. त्याच्या मागून आलेले 127 आणि 620 कधीच गेले. 1965 चा दुप्पट लांबीचा 220 सुद्धा मोठ्या कंपन्यांनी बंद केला. 120 तगला, कारण हॅसलब्लाड, मामिया, रोलायफ्लेक्स असे स्टुडिओवाल्यांचे दणकट कॅमेरे त्यावर चालायचे आणि आजही चालतात.

फिल्मच बनायची थांबेल, ही भीती मला फारशी वाटत नाही. नेहमीच्या छोट्या कॅमेऱ्यांच्या 35 मिमी रोलला गिऱ्हाईक आहे, हॉलिवूडचे काही दिग्दर्शक अजून फिल्मवर शूट करतात, त्यामुळे कोडॅकचा रॉचेस्टरचा कारखाना सुरू आहे. 120 ची खरी गोम त्यानंतरच्या कामात आहे. फिल्म कापायची, लांबलचक कागदाला चिकटवायची, दोन्ही मिळून रिळावर गुंडाळायची. हा कागद साधासुधा नाही. त्यातून उजेड आत जाता कामा नये, आणि वर्षभर फिल्मला चिकटून राहिला तरी तिच्यावर डाग पडता कामा नये. असा कागद करणारे जगात मोजके. 2016 च्या सुमारास कोडॅकच्या काही रोलवर कागदावरचे आकडे थेट फोटोतल्या आभाळात उमटू लागले होते! बरं, ते आकडे काढून टाकावेत तर तुमच्या क्लिकचं काम अडतं, कारण मागच्या लाल खिडकीतून ते बघूनच रोल पुढे सरकवायचा असतो.

फुजीचं धोरण मला आजवर कळलेलं नाही. अ‍ॅक्रॉस हा ब्लॅक अँड व्हाइट रोल 2018 मध्ये बंद केला, 2019 मध्ये नव्याने आणला, 2021 मध्ये 400एच हा रंगीत रोल बंद केला. उलट कोडॅकने 2022 मध्ये गोल्ड 200 हा रंगीत रोल पुन्हा 120 मध्ये आणला. माझा अंदाज विचाराल तर ब्लॅक अँड व्हाइट बराच काळ मिळत राहील. इंग्लंडची इल्फर्ड आणि चेक देशातली फोमा यांचं पोटच त्यावर आहे. रंगीत रोल मात्र जवळजवळ एकट्या कोडॅकच्या भरवशावर. (आपल्याकडे उटीचा सरकारी कारखाना 'इंदू' रोल काढायचा, तोही बंद पडला.)

आपल्याकडे रोल मिळण्यापेक्षा धुऊन मिळणं अवघड. बऱ्याच लॅब 35 मिमीच घेतात, म्हणून आधी लॅबला विचारा आणि मगच रोल घ्या. ब्लॅक अँड व्हाइट घरीही धुता येतो, डेव्हलपिंग टँक, म्हणजे फिल्म धुण्याचा डबा, 120 चालणारा हवा एवढंच. पहिला रोल 100 आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील त्याचा आकडा) निगेटिव्ह घ्या, थेट सरळ चित्र देणारा स्लाइड रोल नको. आणि कॅमेरा उघडून आत रिकामं रीळ आहे का ते बघा. नसेल तर लॅबवाल्याकडून एखादं मागून आणा, त्याशिवाय रोल चढणारच नाही.