वाचकांचे प्रश्न : सरासरी १५४.८० की ९६.७५?

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखित दिवाळी अंकासाठी मी सुनील गावसकर यांच्यावर लेख लिहीत आहे. इंटरनेटवरील एका चरित्रात त्यांच्या पदार्पणाच्या मालिकेतील सरासरी ९६.७५ दिली आहे, तर दुसऱ्यात १५४.८०. शतके कुठे ३४, कुठे ८१. सलामीला येऊन त्यांनी ३४ कसोटी शतके केली, असेही एके ठिकाणी वाचले. यातले खरे काय मानावे?
— एक वाचक, गिरगाव, मुंबई

उत्तर : सरासरीचा प्रश्न आधी घेऊ, कारण तो तुम्हाला घरबसल्या कागद-पेन्सिल घेऊन सोडवता येईल. १९७१च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात पाच कसोटी सामने झाले. बोटाच्या दुखण्यामुळे गावसकर पहिला सामना खेळू शकले नाहीत आणि पोर्ट ऑफ स्पेन येथे ६ मार्चला सुरू झालेल्या दुसऱ्या सामन्यात त्यांनी पदार्पण केले. धावफलक उघडून त्यांचे आठ डाव एकाखाली एक लिहा : तेथे ६५ आणि नाबाद ६७, जॉर्जटाउनला ११६ आणि नाबाद ६४, ब्रिजटाउनला १ आणि नाबाद ११७, शेवटी पुन्हा पोर्ट ऑफ स्पेनला १२४ आणि २२०. बेरीज ७७४ येते. फलंदाजीची सरासरी काढताना धावांना डावांच्या संख्येने नव्हे, तर फलंदाज जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागतात. तीन डावांत ते नाबाद राहिल्यामुळे भागायचे पाचाने, आणि उत्तर १५४.८०. ९६.७५ हा आकडा कोणीतरी आठाने भागून मिळवला, हे उघड आहे. तो पुढे दहा संकेतस्थळांवर उतरला असला, तरी दहा नकला म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत.

शतकांचे दोन्ही आकडे बरोबर आहेत. ३४ शतके कसोटीतील, ८१ प्रथम श्रेणीतील, म्हणजे रणजी करंडकासारख्या तीन किंवा अधिक दिवसांच्या वरच्या दर्जाच्या सामन्यांतील. मात्र कसोटी सामनेही प्रथम श्रेणीतच मोजले जात असल्याने ८१मध्ये ती ३४ आलेलीच आहेत. दोन्हींची बेरीज करू नका.

सलामीचा दावा मात्र एका शतकाने चुकतो. डिसेंबर १९८३मध्ये मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद २३६ धावा केल्या, तेव्हा गावसकर चौथ्या क्रमांकावर आले होते. संघाच्या खात्यात एकही धाव नसताना दोन गडी बाद झाल्याने त्यांना नव्या चेंडूलाच तोंड द्यावे लागले, त्यामुळे व्यवहारात ती सलामीच होती, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही; पण लेखात आकडा द्यायचा असेल तर सलामीची शतके ३३ लिहावीत.

तारखांबाबत थोडे अधिक सावध राहा. अहमदाबादला पाकिस्तानविरुद्धचा सामना ४ मार्च १९८७ रोजी सुरू झाला आणि गावसकरांनी कसोटीतील दहा हजारावी धाव ७ मार्चला घेतली. चरित्रे लिहिणारे घाईत सामन्याच्या पहिल्या दिवसाचीच तारीख उचलतात. मुंबईतील एखाद्या जुन्या ग्रंथालयात १९७१च्या वृत्तपत्रांच्या फायली चाळणार असाल, तर वेळेतील फरकही ध्यानात असू द्या. पोर्ट ऑफ स्पेनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तेथे संध्याकाळी खेळ संपेपर्यंत येथे मध्यरात्र उलटून गेलेली असे, त्यामुळे सकाळच्या अंकात दिवसाचा पूर्ण खेळ छापलेला असेलच, असे नाही. अशा वेळी त्याच्या पुढचा अंकही मागवून पाहा, आणि अंकावरची तारीख म्हणजे खेळाची तारीख, असे धरून चालू नका.

तुम्ही विचारले नाही, तरी जन्मानंतर रुग्णालयात बाळांची अदलाबदल झाल्याची आणि कानाजवळच्या बारीकशा छिद्रावरून नातेवाइकाने खरे बाळ ओळखल्याची कथा तुमच्या वाचनात येणारच. ती गावसकरांनी स्वतः आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. तिचा पडताळा धावफलकासारखा घेता येणार नाही, म्हणून ती ‘गावसकर सांगतात’ असे म्हणूनच द्यावी आणि इतरत्र तिला जोडलेला वाढीव तपशील त्यांच्या मूळ मजकुरात नसेल, तर गाळावा.