पेरूमधला सप्तरंगी डोंगर (विनिकुंका) टूर कंपनीशिवाय स्वतःचा स्वतः पाहता येतो का?

तुम्ही प्रश्नात तीन गोष्टी विचारल्या आहेत. टूर न घेता जाता येतं का, त्यात पैसे वाचतात का, आणि पन्नाशीला टेकलेल्या पण दर महिन्याला सह्याद्रीत भटकणाऱ्या तुम्हा दोघांना ते झेपेल का.

जाता येतं. दोघंच असाल तर पैसे फारसे वाचणार नाहीत. आणि झेपेल की नाही, हे डोंगराच्या पायथ्याशी ठरत नाही, त्याआधीचा आठवडा तुम्ही कुठे काढता त्यावर ठरतं. मी टूर न घेता स्वतःची गेले ती याच कारणासाठी. टूरवाले तुम्हाला डोंगरापर्यंत व्यवस्थित नेतात, पण वेळ त्यांचा असतो. पाच हजार मीटरवर वेळ स्वतःच्या हातात असणं यासारखं दुसरं सुख नाही.

म्हणून आधी उंचीचंच बोलू.

विनिकुंका जिथून बघतात ती जागा 5,036 मीटरवर आहे. कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे आपण महाराष्ट्रात कितीही किल्ले चढलेले असोत, या उंचीचा सराव आपल्याला मिळालेलाच नसतो. पायात ताकद असते, दम असतो, पण विरळ हवेत शरीराला जे बदल करावे लागतात त्यांचा ट्रेकिंगशी संबंध नाही. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी मिळतो. लडाखला खारदुंग ला पाहून आलेले लोक म्हणतात, आम्ही याहून उंचावर जाऊन आलोय. खरं आहे, तो घाट 5,359 मीटरवर आहे. पण तिथे बहुतेक जण गाडीतून उतरतात, चहा पितात, फोटो काढतात आणि खाली येतात. विनिकुंकाला शेवटचा चढ पायी चढायचा असतो. तंदुरुस्त माणसालाच तिथे जास्त त्रास झालेला मी पाहिला, कारण तो सवयीने भराभर चालतो.

पेरूची राजधानी लिमा समुद्रकाठी आहे आणि तिथून तासा-सव्वा तासाच्या विमानाने तुम्ही कुस्को या डोंगराजवळच्या शहरात, म्हणजे थेट 3,400 मीटरवर उतरता. बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच विनिकुंकाची टूर घेतात. मला हे अजिबात पटत नाही. तुमच्या हातात कार्यक्रम आहे, तर तो उलटा लावा. कुस्कोला उतरलात की त्याच दिवशी गाडी करून खाली उरुबांबा नदीच्या खोऱ्यात जा. ओयांतायतांबो गाव साधारण 2,800 मीटरवर आहे, तिथे राहा. तिथूनच रेल्वेने माचू पिचू हे इंकांचं जुनं नगर करा, ते तर 2,430 मीटरवरच आहे. मग कुस्कोला परत या, तिथे दोन-तीन रात्री काढा, गल्लीबोळातून आरामात फिरा. विनिकुंका सगळ्यात शेवटी ठेवा. याच क्रमाने गेल्यामुळे मला तिथे धाप लागली, डोकं थोडं जड झालं, पण डोंगर डोळे भरून पाहता आला.

डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी निघण्याआधी बोला. प्रतिबंधासाठी साधारण 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, पण सल्फा औषधांची ॲलर्जी असेल किंवा मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर प्रश्न वेगळा होतो. तुमचं वय पाहता रक्तदाब आणि ईसीजीही करून घ्या. तिथे उंचीच्या या त्रासाला ‘सोरोचे’ म्हणतात आणि प्रत्येक हॉटेलात कोकाच्या पानांचा (याच पानांपासून कोकेन बनतं) चहा ठेवलेला असतो. तो पेरूत कायदेशीर आहे, प्यायला हरकत नाही, बरं वाटतं. पण पानं किंवा त्या चहाच्या पुड्या आठवण म्हणून भारतात आणू नका. आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कोकाचं पान येतं. नोकरीत अमली पदार्थांची चाचणी होत असेल तर चहासुद्धा टाळा, त्यानेही चाचणी सकारात्मक येऊ शकते.

आणि एक गोष्ट दोघांनी आधीच ठरवून ठेवा. डोकेदुखी वाढत चालली, उलट्या थांबेनात, बोलताना किंवा चालताना तोल जायला लागला, बसल्या जागी धाप लागली किंवा खोकला येऊ लागला, तर वर जायचं नाही, लगेच खाली उतरायचं. शिखर पाचशे पावलांवर असलं तरी.

आता जायचं कसं ते.

कुस्कोहून सिकुआनीकडे जाणाऱ्या बसगाड्या दिवसभर असतात. या बस विल्कानोता नदीच्या काठाने दक्षिणेला जातात. डोंगराकडे जायला दोन फाटे आहेत. पहिला कुसिपाता गावातून, चियिवानीमार्गे. हा रस्ता गाडीने बराच वर, साधारण 4,600 मीटरपर्यंत जातो, त्यामुळे चालणं कमी, एका बाजूने तीन-चार किलोमीटर. हल्ली बहुतेक टूर इकडूनच येतात. दुसरा फाटा पुढे चेकाकुपे गावाहून. तिथून सामायिक टॅक्सीने पितुमार्का, आणि पितुमार्काहून वर. हा जुना रस्ता, चालणं जास्त, पण माणसं कमी आणि दरी फार सुंदर.

सार्वजनिक वाहन या खालच्या गावांपर्यंतच मिळतं. तिथून चढाईच्या सुरुवातीपर्यंत टॅक्सी ठरवावी लागते, कच्च्या घाटरस्त्याने तासाभराहून जास्त वेळ लागतो, आणि तीच गाडी तुम्ही परत येईपर्यंत थांबवून ठेवायची. खर्च इथेच होतो. चौघं असाल तर तो वाटला जातो आणि टूरपेक्षा स्वस्त पडतं. दोघांत जवळपास टूरइतकंच किंवा थोडं जास्त होईल. भाडं आदल्या दिवशी ठरवा, जाऊन-येऊन आणि थांबण्यासकट किती हे स्पष्ट बोला, आणि पैसे परतल्यावर द्या. हे बोलायला मोडकीतोडकी स्पॅनिश पुरते. फोनमध्ये स्पॅनिशचं भाषांतर आणि नकाशा नेटवर्कशिवाय चालेल असा उतरवून ठेवा.

माझा आग्रह असा की आदली रात्र कुस्कोत न काढता पितुमार्का किंवा कुसिपात्यात काढा. टूरच्या गाड्या कुस्कोहून पहाटे तीन-चारला निघतात, लोक झोपेत वर येतात, साधारण नऊ ते अकराच्या दरम्यान सगळे एकदम माथ्यावर पोचतात आणि अर्ध्या-पाऊण तासात खाली हाकलले जातात. तुम्ही खालच्या गावातून निघालात तर रात्रभर नीट झोप मिळते आणि त्या गर्दीच्या आधी वर पोचता येतं. पितुमार्कात राहण्याची सोय साधी आहे, रात्री कडाक्याची थंडी असते, गरम पाणी मिळेलच असं नाही. पण ते विणकरांचं गाव आहे. ताण्याचे धागे सलग न ठेवता मध्येच रंग बदलण्याची एक फार जुनी, अवघड पद्धत तिथे अजून जिवंत आहे. अंगणात कमरेला माग बांधून बसलेल्या बायका पाहिल्या की तो थांबा वाया गेला असं वाटणार नाही.

वाटेत चेकाकुपेला एकाच नदीवर तीन काळांतले तीन पूल शेजारी शेजारी आहेत: इंका पद्धतीचा झुलता पूल, स्पॅनिश काळातला दगडी कमानीचा, आणि त्यानंतरचा. आणि आंदावायलियास गावचं चर्च, बाहेरून साधं, आत छतापर्यंत रंगवलेलं. टूरची गाडी पहाटेच्या अंधारात या सगळ्यावरून निघून जाते.

वर पोचल्यावर काय दिसतं? इंटरनेटवरचे फोटो पाहून जाऊ नका, त्यांतले रंग बहुतेक वेळा वाढवलेले असतात. खरे रंग मातकट आहेत: विटकरी, गुलाबी, मोहरीसारखा पिवळा, करडा हिरवा, पांढरट. मला ते फोटोंपेक्षा जास्त आवडले. तो रंगवलेला डोंगर वाटत नाही, आतून उघडा पडलेला वाटतो. आणि तो खरोखर तसाच आहे. कोट्यवधी वर्षं एकावर एक साचलेले गाळाचे थर, नाझ्का हा समुद्रतळाचा भूपट्ट दक्षिण अमेरिकेखाली सरकत गेल्याने वर उचलले आणि तिरके झाले, आणि झिजून त्यांच्या कडा उघड्या पडल्या. लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, आपल्या कोकणातल्या जांभ्याला असतो तोच. पिवळा लोह आणि गंधकाच्या संयुगांचा, हिरवा लोह-मॅग्नेशियमयुक्त मातीचा, पांढरा वालुकाश्म आणि चुन्याचा. तुम्ही या रंगीत धारेवर चालत नाही, समोरच्या टेकाडावर उभं राहून ती बघता. धारेवर पाय ठेवायला मनाई आहे आणि ती मनापासून पाळावी, कारण ती माती अगदी सुटी आहे.

पाठ वळवलीत तर दुसऱ्या बाजूला औसांगाते दिसतो, 6,384 मीटरचा हिमाच्छादित पर्वत. तिथल्या मूळ रहिवासी क्वेचुआ लोकांसाठी तो ‘आपू’ आहे, रक्षण करणारा देव. बहुतेक लोक रंगीत धारेचा फोटो काढतात आणि औसांगातेकडे पाहतही नाहीत. तुमच्याकडे वेळ असेल, तर तिकडे तोंड करून बसा.

मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ, तेव्हाच जा. डिसेंबर ते मार्च पावसाचे महिने, तेव्हा वाट चिखलाची होते आणि बर्फ पडला तर रंगच दिसत नाहीत. कोरड्या काळातही दुपारनंतर ढग आणि गारा येऊ शकतात. पहाटे तापमान शून्याखाली असतं आणि दहा वाजता ऊन चटके देतं, त्यामुळे जाड एकच जाकीट नेण्यापेक्षा पातळ थर नेणं बरं. टोपी, गॉगल, सनस्क्रीन हवंच, त्या उंचीवर अतिनील किरणं फार तीव्र असतात. प्रवास विम्याच्या कागदात उंचीची मर्यादा तपासा. बऱ्याच पॉलिसी ठराविक उंचीपर्यंतच संरक्षण देतात आणि तुम्ही पाच हजारांवर जाणार आहात.

घोड्यांबद्दल संकोच करू नका. वाटेवर गावकरी घोडे घेऊन उभे असतात. घोडा शेवटच्या खड्या चढाच्या पायथ्यापर्यंत जातो, पुढचं पायीच. घोडा धरून चालणारी बाई बहुतेक त्याच दऱ्यांतली असते, आणि ते पैसे थेट तिच्या घरात जातात. वर सोल या त्यांच्या चलनातले सुटे पैसे न्या. प्रवेशशुल्क, घोडा, शौचालय, गरम चहा, सगळं रोखीत असतं. प्रवेशशुल्क तिथल्या ग्रामसमाजांकडून घेतलं जातं आणि दोन्ही वाटांवर वेगवेगळे गावकरी ते घेतात. पावती जपून ठेवा. शेजारच्या लाल दरीसाठी वेगळे पैसे पडतात. माथ्यावर तब्येत ठीक असेल तर ती जरूर पाहा, तिथे गर्दी बरीच कमी असते.

या शुल्काबद्दल मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण काही प्रवासी तिथे हुज्जत घालताना पाहिले आणि वाईट वाटलं. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत या डोंगराचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. अल्पाका (लोकरीसाठी पाळतात तो प्राणी) पाळणारी ही माणसं कामासाठी शहरांत आणि खाणींत जात होती. पर्यटक आले तसे त्यांतले काही परतले. 2018 मध्ये या डोंगराचा भाग ज्यात येतो तो पट्टा एका खाण कंपनीच्या नावावर असल्याचं उघड झालं, तेव्हा खूप विरोध झाला आणि कंपनीने तो हक्क सोडला. दुसरीकडे पर्यटनानेही नुकसान केलंच. वाट झिजली, आणि जिथे स्थलांतर करणारी बदकं उतरायची त्या पाणथळ जागेचा वाहनतळ झाला. म्हणून ठरलेल्या वाटेवरूनच चाला, कचरा खाली आणा आणि शुल्क घासाघीस न करता द्या.

व्हिसाचं एक राहिलं. भारतीय पासपोर्टवर पेरूसाठी व्हिसा लागतो. पण अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा युरोपातल्या शेंगेन देशांचा किमान सहा महिने वैध असलेला व्हिसा असेल, तर पर्यटनासाठी सूट आहे. तिकीट काढण्याआधी दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासाकडून खात्री करून घ्या.

आणि कुस्कोत आल्यावर तुमच्यापैकी एकाला जरी उंची मानवत नाही असं वाटलं, तर विनिकुंका सोडून पाल्कोयोला जा. तो त्याच रस्त्यावर, चेकाकुपेच्या बाजूने आहे. उंची साधारण 4,900 मीटर, म्हणजे तिथेही सवय हवीच, पण गाडी जवळपास वरपर्यंत जाते आणि वाट बरीचशी सपाट, तासाभरात होणारी. तिथे एक सोडून तीन रंगीत डोंगर दिसतात, शेजारी दगडी सुळक्यांचं रान आहे आणि गर्दी नसते. माझ्या आई-वडिलांना घेऊन गेले तर मी पाल्कोयोलाच नेईन.