सासूबाईंच्या कुड्या मोडून लेकीची अंगठी?

मुलीचं लग्न ठरलंय, जावई अमेरिकन आहे. सासूबाईंनी दिलेल्या हिऱ्याच्या कुड्या माझ्या लॉकरमध्ये पडून आहेत. इथल्या एका सराफाने पाहून सांगितलं, खडे जुन्या घडणीचे आहेत, निस्तेज दिसतात, नव्याने पैलू पाडले की लखलखतील आणि छान अंगठी होईल. लेक म्हणते, हिऱ्याशिवाय अंगठी कसली! यजमान म्हणतात, आईच्या वस्तूला हात लावायचा नाही. मी काय करू?
– न्यू जर्सीहून एक आई

ताई, आधी एक सांगते. त्या खड्यांना नव्याने पैलू पाडू देऊ नका. दुसरं काहीही चुकलं तर सुधारता येईल, कापलेला हिरा परत जोडता येत नाही.

तुमच्या सराफाला जे निस्तेज वाटतं, ती आपल्याकडची घडण आहे. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगातले जवळजवळ सगळे हिरे हिंदुस्थानातून जायचे. कृष्णेच्या काठी कोल्लूरची खाण, आणि बाजार गोवळकोंड्याचा. सतराव्या शतकात तावेर्निए नावाचा फ्रेंच व्यापारी तिथे गेला होता. त्याने लिहून ठेवलंय की खडा निर्दोष असेल तर इथले कारागीर तो चाकाला वरून-खालून जेमतेम लावतात, आकार द्यायला जात नाहीत, कारण वजन घटेल. डाग असेल तरच तो झाकायला बारीक बारीक पैलू पाडतात. म्हणजे आपल्याकडे मोल वजनाला आणि पाण्याला, म्हणजे खड्याच्या नितळपणाला, होतं. झगमगाटाची आवड युरोपची.

त्या आवडीची किंमत आपल्याच हिऱ्यांनी मोजली. कोहिनूर 1851 साली लंडनच्या प्रदर्शनात ठेवला, तेव्हा तो चमकत नाही म्हणून बघे हिरमुसले. पुढच्याच वर्षी त्याला नव्याने पैलू पाडले आणि 186 कॅरेटचा हिरा साधारण 105 कॅरेटवर आला. त्र्यंबकेश्वरच्या महादेवाचा म्हणून ओळखला जाणारा नासक हिरा 1818 साली दुसऱ्या बाजीरावाकडून इंग्रजांच्या हाती गेला. तेव्हा तो नव्वद कॅरेटच्या आसपास होता. लंडनमध्ये एकदा कापला, 1940 मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा कापला, आता 43.38 कॅरेट उरलाय. अर्ध्याहून अधिक हिरा धूळ होऊन गेला! मला हे लिहितानाही वाईट वाटतं.

आता लेकीचं म्हणणं. तिला रागावू नका, ती जे बघत वाढली तेच मागतेय. पण तिला एवढं जरूर सांगा की हिऱ्याची अंगठी युरोपच्या राजघराण्यांत जुनी असली, तरी सामान्य घरात ती ‘हवीच’ झाली विसाव्या शतकात. 1867 नंतर दक्षिण आफ्रिकेत हिरे मुबलक सापडले, 1888 मध्ये डी बिअर्स कंपनी उभी राहिली, आणि हिरा म्हणजे जन्मभराचं प्रेम हे समीकरण तिच्या 1947 च्या जाहिरातीने घरोघरी पोचवलं. आपल्या साखरपुड्यात मूळ मान साखरेच्या पुड्याचा आणि ओटीचा. अंगठी मागाहून आली.

तरी अंगठी हवीच असेल तर ती वेगळी घ्या. प्रयोगशाळेत तयार केलेला हिराही कार्बनचाच, तेवढाच कठीण, आणि पुष्कळ स्वस्त. विकायला गेलात तर त्याचे फारसे पैसे येणार नाहीत, एवढं लक्षात ठेवून घ्या. कुड्यांची जोडी मात्र मोडू नका.

कुड्या एकदा पालथ्या करून बघा. मागून कोंदण बंद असेल तर खड्याखाली बहुधा चमकीचा पातळ वर्ख असतो. पाणी आत शिरलं की तो काळवंडतो आणि वरचा हिरा मंद दिसतो. निस्तेजपणाचं कारण तेवढंच असू शकेल. म्हणून त्या साबणाच्या पाण्यात बुडवू नका, सराफाच्या धुण्याच्या यंत्रात तर मुळीच नको. मऊ कोरड्या फडक्याने पुसा. परीक्षा करून घ्यायची तर ज्याला खडे विकत घेण्यात रस नाही, अशा माणसाकडून फी देऊन करा. दोन्ही बाजूंनी फोटो काढा, वजन आणि खड्यांची संख्या पावतीवर लिहून घ्या, मगच वस्तू हातातून सोडा. घराच्या विम्यात दागिन्यांना बहुधा मर्यादा असते, तेव्हा कुड्यांची वेगळी नोंद करा.

आणि साखरपुड्याला त्या लेकीच्या कानात घाला. हे खडे दिव्याच्या उजेडासाठी घडवलेले आहेत. घरातले दिवे मालवून समई लावा आणि तिला आरशासमोर उभी करा. जुन्या कुडीची दांडी जाड असते, आजकालच्या मुलींच्या कानात ती जात नाही. जबरदस्ती करू नका. सोनाराकडून बारीक दांडी आणि फिरकी बसवून घ्या, आणि काढलेली जुनी दांडी त्याच डबीत जपून ठेवा.