घरात एकच कुत्रा ठेवायचा असेल तर कोणती जात?

दोघंही नोकरी करता, घरात दुसरा प्राणी नाही आणि पुढेही आणायचा नाही, मग बीगल, लॅब्रॅडॉर की शिबा इनू, असा तुमचा प्रश्न आहे. यात खरं तर दोन प्रश्न गुंतलेत. घरात दुसरं जनावर नसणं हा एक, आणि दिवसाचे पाच-सहा तास माणूसही नसणं हा दुसरा. पहिल्याला बहुतेक जाती तयार असतात. अडतं ते दुसऱ्यापाशी. म्हणून आधी बघायचं ते हे, की ती जात मुळात कामाला कोणाबरोबर जायची.

बीगल सशांच्या मागावर टोळीनं धावायचा. माग लागला की बाकीच्यांना हाक देणं हे त्याचं कामच, त्यामुळे एकटा पडला की तो गळा काढतो, आणि तो आवाज लांबवर पोचतो. घरात सतत कोणी असेल तर एकटा बीगलही मजेत राहतो. तुमच्या वेळापत्रकात मात्र मी त्याला बाद करेन. फॉक्सहाउंडचं तेच.

लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, विझला ही माणसाच्या शेजारी राहून काम करणारी मंडळी. दुसरा कुत्रा नसला तरी त्यांचं बिघडत नाही, माणूस मात्र हवा. त्यातून लॅब दोन वर्षांचा होईपर्यंत दिसेल ते चावतो आणि त्याला रोज तास-दीड तास दमवावं लागतं. ‘मग छोटा कुत्रा घेऊ’ हा विचारही फसवा आहे. कॅव्हेलियर किंवा बिशों फ्रीझ यांची पैदासच माणसाच्या सोबतीसाठी झाली. एकटेपणा त्यांना मोठ्या कुत्र्यांपेक्षाही जड जाऊ शकतो.

तिसरा गट स्वतःच्या डोक्यानं चालणाऱ्यांचा: शिबा, चाउ चाउ, अकिता, स्कॉटिश टेरियर. टेरियर बिळात शिरला की पुढचं सगळं त्यालाच निस्तरावं लागायचं. अकिताला तर आपल्याच लिंगाचा दुसरा कुत्रा घरात सहसा खपत नाही, तो एकटाच ठेवलेला बरा. पण पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्यानं अकिताच्या वाटेला जाऊ नये. तुमच्या तिघांत शिबा सगळ्यात जवळ बसतो. त्याच्या अटी मात्र ऐकून घ्या. मोकळ्यावर पट्टा सोडायचा नाही, कारण काही पळताना दिसलं की हाक ऐकूच येत नाही. वर्षातून दोनदा केस असे गळतात की रोज विंचरावं लागतं. नखं कापताना तो किंकाळ्या फोडतो, म्हणून पंजे हातात धरू देण्याची सवय पिल्लू असतानाच लावायची.

यादीत नसलेली दोन नावं सुचवतो. बोस्टन टेरियर आटोपशीर आणि आनंदी असतो, पण नाक चपटं असल्यानं उन्हात फिरवायचा नाही. ग्रेहाउंड घरात दिवसाचा बराच वेळ झोपून काढतो. फक्त शर्यतीतून निवृत्त झालेला असेल तर तो आजवर इतर कुत्र्यांच्या सोबतीत राहिलेला असतो, रिकामं घर त्यानं पाहिलेलंच नसतं. पहिले काही आठवडे त्याला हळूहळू सवय लावावी लागते.

जातीइतकंच, कदाचित जास्तच, वय महत्त्वाचं. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा. दिवसा साधारण तितके तास ते शू धरू शकतं, तेही फार तर. म्हणजे तीन महिन्यांच्या पिल्लाला चार तास. तुमचे सहा तास त्यात बसत नाहीत, मधे कोणीतरी यायलाच हवं. पिल्लूच घेणार असाल तर आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं घेऊ नका. दात किती जोरात लावायचे हे ते भावंडांकडूनच शिकतं. एकट्या कुत्र्याच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं, कारण पुढे ते शिकवायला घरात दुसरा कुत्रा नसतो. घरी आल्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत लस घेतलेल्या, शांत कुत्र्यांशी त्याच्या भेटी घडवा.

एकटं राहण्याचा सराव पहिल्याच आठवड्यात सुरू करा. दाराबाहेर दहा सेकंद, परत आत. मग तीस सेकंद, पुन्हा दहा, मग दोन मिनिटं. वेळ सारखी वाढवत नेली तर कुत्रा ताडतो, म्हणून मधेमधे कमी करायची. अर्धा-पाऊण तास शांतपणे निघाला की पुढचे टप्पे मोठे घेता येतात. कॅमेरा लावा. खाऊ भरलेलं खेळणं ठेवून जा आणि परतल्यावर बघा: खाऊ फस्त आणि चप्पल फाडलेली असेल तर तो कंटाळा, त्याला फिरणं वाढवा. खाऊला तोंडच लावलेलं नाही, लाळ गळलीय, दाराची चौकट ओरबाडलीय आणि हे सगळं तुम्ही निघाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात झालंय, तर ती भीती. तेव्हा सराव मागच्या टप्प्यावर न्या आणि व्हेटशी बोला.

अशा वेळी ‘सोबतीला अजून एक आणा’ असं कोणी ना कोणी सांगतंच. क्वचितच उपयोग होतो, कारण कुत्रा माणसासाठी कासावीस झालेला असतो. उलट कधीकधी दोघं मिळून रडतात.

तुमच्या जागी मी तीन वर्षांच्या पुढचा, स्वभाव समजलेला कुत्रा शोधेन, मग तो ग्रेहाउंड असो, शिबा असो की मिश्र जातीचा. ज्यांनी आजवर सांभाळला त्यांना ‘एकटा राहतो का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. सलग किती तास राहिला आणि परत आल्यावर घरात काय दिसलं, ते विचारा.